इंजिन बदलले, तरी चढाई सुधारेना

माझ्या दोन आसनी विमानातील ८० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ इंजिन काढून १०० अश्वशक्तीचे ९१२ यूएलएस आणि तीन पात्यांचा नवा प्रोपेलर बसवला. तरीही चढाई जेमतेम पूर्वीइतकीच राहिली. विमान जमिनीवर बांधून थ्रॉटल पूर्ण उघडला, तेव्हा काटा मिनिटाला ४,७०० फेऱ्यांवर अडला. म्हणजे ज्या ५,८०० फेऱ्यांवर हे इंजिन पूर्ण शक्ती देते, त्यांच्या जवळपासही ते पोचत नव्हते. पात्यांचा कोन जास्त होता, त्यामुळे इंजिनावर जादा भार पडून फेऱ्या वाढत नव्हत्या. डिजिटल कोनमापक लावून तो थोडाथोडा कमी केला (एक पाते इतरांपेक्षा अर्ध्या अंशाने वेगळे निघाले आणि आसनाखालच्या थरथरीचे कोडेही सुटले), बोल्ट टॉर्क रेंचने आवळले आणि जमिनीवर ५,२०० फेऱ्या मिळाल्यावरच (हवेत वेग आला की त्या आणखी वाढतात) पुन्हा उड्डाण केले.