मधपेट्यांमधली लूट: या चुका टाळा

येऊर, मुरबाड, शहापूरकडे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात डोळ्यांत तेल घालून राहावं. जांभूळ-करंजाचा फुलोरा सरलेला, बाहेर संततधार, माश्या उपाशी. पाऊस जरा उघडला की बळकट वसाहत शेजारच्या कमजोर पेटीत घुसून मध पळवते. आणि बहुतेक वेळा तिला वाट आपणच दाखवून देतो.

सर्वांत महागात पडणारी चूक होते साखरेचा पाक देताना. भर दुपारी पेटी उघडायची, चार थेंब झाकणावर सांडायचे, मधाची चौकट बाहेर टेकवून गप्पा मारायच्या. वास लागलेली माशी घरी जाऊन नाचते, पण खाणं अगदी जवळ असेल तर त्या नाचातून दिशा नीट कळत नाही. मग तिच्या मैत्रिणी आसपासची प्रत्येक पेटी हुंगत सुटतात. म्हणून पाक अंधार पडताना, पेटीच्या आत, रात्रीतून संपेल एवढाच द्या. उघड्यावर ताटलीत तर कधीच नको. पाकाऐवजी विकतचा मध देऊ नका, त्यातून रोग येतो.

दुसरी चूक म्हणजे पेटीपुढची गर्दी पाहून खूश होणं. कोवळ्या माश्या पेटीकडे तोंड करून हेलकावे घेतात आणि थोड्या वेळात शांत होतात. लुटारू माश्या झाकणाच्या फटी शोधतात, दाराशी मारामारी होते, खाली मेणाचा चुरा पडतो. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी केस झडून काळ्या, चकचकीत दिसतात. खात्री हवी असेल तर लूट होत असलेल्या पेटीतून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर चिमूटभर पीठ भुरभुरवा. पांढऱ्या माश्या ज्या पेटीत शिरतील, ती लुटारूंची.

लूट दिसताच घाबरून दार पूर्ण बंद करू नका, आतल्या माश्या गुदमरून मरतात. एक माशी जाईल एवढंच दार ठेवा, पुढे गवत सैलसर लावा, फटी मातीने लिंपा, पेटीवर ओलं फडकं टाका. पेटी उघडून बघायचा मोह संध्याकाळपर्यंत आवरा.

सातेरीशेजारी मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशी, ठेवू नका, असं माझं ठाम मत आहे. मेलिफेरा लुटायला लागली की सातेरी पेटी सोडून निघून जाते. राणी नसलेली वसाहतही तशीच ठेवू नका. वर्तमानपत्राचा कागद मध्ये घालून ती बळकट वसाहतीला जोडा.

लुटलेली पेटी हलवायची असेल तर तिच्या जागी रिकामी पेटी ठेवा. जागा मोकळी दिसली की लुटारू शेजारच्या पेटीवर तुटून पडतात.