प्रेसवर चढवण्याआधी पुंगळी कशी निवडायची

पिस्तुलाची काडतुसं घरी भरणारी माणसं बंदुकीच्या दारूचं वजन काट्यावर दोनदा तपासतात, आणि पुंगळ्या, म्हणजे गोळी झाडल्यावर उरणारी पितळी नळकांडी, मात्र बादलीतून ओंजळीनं उचलून प्रेसला, म्हणजे काडतूस भरायच्या हँडलच्या यंत्राला, लावतात. मला हे पटत नाही. बुलेट, दारू आणि प्रायमर (बुडात बसणारी, ठोका बसला की दारू पेटवणारी टोपी) दरवेळी नवे असतात. जुनी असते ती एकटी पुंगळी. तिनं आधी काय काय सोसलंय, ते तिला बघून, हातात घेऊनच ओळखावं लागतं.

मी ओहायोत राहतो आणि बुल्सआय प्रकारची नेमबाजी करतो: पिस्तूल एका हातात, टार्गेट २५ आणि ५० यार्डांवर. त्यासाठी नाइन एमएम आणि फोर्टी-फाइव्ह एसीपी अशी दोन प्रकारची काडतुसं भरतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं भोसरीत टूलरूममध्ये गेली. गेज लावल्याशिवाय पीस पुढे सरकवायचा नाही ही तिथली शिस्त, आणि ती इथे जशीच्या तशी लागू पडते.

आधी कायद्याचं. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, तेव्हा हे तिथे करून बघायचं काम नव्हे. अमेरिकेतही एच-वनसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे आणि अपवाद मोजके आहेत. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांनी पुढे वाचावं.

रेंजवरून गोळा केलेल्या ढिगावर पहिल्यांदा चुंबक फिरवा. पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या दिसायला हुबेहूब असतात, पण चुंबकाला लगेच चिकटतात. ॲल्युमिनियम चिकटत नाही. ते हाताला हलकं लागतं आणि रंगानं राखाडी असतं. दोन्ही बाजूला काढा. उरलेल्यांच्या तोंडात टॉर्च मारून बघा. तळाशी मधोमध एक भोक असेल तर ठीक. दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन पद्धतीची पुंगळी. आपल्या डायची, म्हणजे प्रेसमधल्या साच्याची, प्रायमर काढायची पिन तिच्यात वाकते किंवा मोडते.

टॉर्च हातात आहे तोवर आतली भिंतही बघा. काही नाइन एमएम पुंगळ्यांच्या आत अर्ध्याच्या खाली गोल पायरी असते, एखाद्या खोबणीचा काठ दिसावा तशी. तिथून खाली भिंत जाड असल्यामुळे आतली जागा कमी होते, आणि पायरीच्या कोपऱ्यात पितळ तुटण्याचा धोका असतो. अशी पुंगळी मी ठेवत नाही, मग ती कितीही चकचकीत असो.

मग माप. नाइन एमएमच्या पुंगळीची कमाल लांबी १९.१५ मिलिमीटर, थ्री-एटी या दुसऱ्या मापाच्या काडतुसाची सुमारे १७.३. बुलेटची जाडी दोघींना जवळजवळ एकच लागते, म्हणून घाईत हा फरक निसटतो. सगळ्या पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या लावल्या की बुटकी आपोआप दिसते. उभ्या लावल्याचा आणखी एक फायदा म्हणजे एकीच्या पोटात अडकलेली दुसरी सापडते. ट्वेंटी-टूची पुंगळी नाइन एमएममध्ये जाते, नाइन एमएम फोर्टीमध्ये, आणि फोर्टी थेट फोर्टी-फाइव्हमध्ये. हे न बघता हँडल ओढलं तर डाय जाम होतो.

आता बूड वाचा, म्हणजे तळावर ठोकलेली अक्षरं आणि प्रायमरचा खड्डा बघा. फोर्टी-फाइव्ह भरणाऱ्यांसाठी ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. या काडतुसाला वर्षानुवर्षं मोठा प्रायमर लागत आला, ५.३ मिलिमीटर व्यासाचा. पण आता लहान, म्हणजे ४.४ मिलिमीटर प्रायमरच्या पुंगळ्याही सर्रास मिळतात. मोठा प्रायमर लहान खड्ड्यात दाबायला गेलात तर तो चेपतो, आणि चेपलेला प्रायमर तिथेच उडू शकतो. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, म्हणजे एका ओढीत सगळी कामं एकदम करणाऱ्या प्रेसवर, शेजारीच दारू भरलेली पुंगळी उभी असते, हे विसरू नका. लहान प्रायमरची पुंगळी वाईट नसते. ती वेगळ्या डब्यात साठवून वेगळी भरायची.

बुडावर वर्तुळातला क्रॉस दिसला तर तो नाटोचा शिक्का. अशा लष्करी पुंगळ्यांमध्ये प्रायमर हलू नये म्हणून खड्ड्याची कड आत दाबलेली असते. जुना प्रायमर निघतो, पण नवा त्या कडेवर अडतो. जोर लावू नका. ती कड एकतर स्वेजनं मागे दाबायची किंवा रीमरनं कापायची. मी स्वेज वापरतो, कारण त्यात धातू जात नाही. रीमर वापरणाऱ्यांनी हात आखडता ठेवावा. कड जरा जास्त कापली गेली तर प्रायमरची पकडच जाते आणि चांगली पुंगळी वाया जाते. जाता जाता सांगतो, बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं असतील तर ती पुंगळी आपल्या पुण्याजवळच्या खडकीची. १८६९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या कारखान्याची ती जुनी खूण आहे.

तोंडाला गेलेली उभी चीर नजरेतून सुटते, कानातून सुटत नाही. चार-पाच पुंगळ्या तळहातावर घेऊन खुळखुळवा. मडकं घेताना आपण वाजवून बघतो तसंच हे: धड पुंगळी खणखणीत वाजते, चिरलेली बद्द. थर्टी-एट स्पेशलच्या निकेल चढवलेल्या पुंगळ्या वापरत असाल तर त्यांचा आवाज जास्त लक्ष देऊन ऐका, त्यांची तोंडं लवकर चिरतात.

धुण्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो. भांडी लख्ख करणारी अमोनियायुक्त पॉलिश पुंगळ्यांना कधीही लावू नका. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. डायमध्ये ओढून घडवताना त्यात ताण उरतो, आणि ताणलेल्या पितळेला अमोनिया लागला की ते आपोआप तडकतं. याचा शोध आपल्याच देशातल्या पावसाळ्यानं लावून दिला. ब्रिटिश फौजेनं घोड्यांच्या पागेत साठवलेली काडतुसं ऐन पावसात तडकायची. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा यांचा हा परिणाम आहे, हे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिलं. पुंगळीवर गुलाबी डाग दिसत असेल तर तिथलं जस्त निघून गेलंय असं समजा, आणि ती टाका.

टम्बलरमधली, म्हणजे पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रातली, धूळ शिशाची असते, कारण बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. टम्बलर घराबाहेर चालवा, हातमोजे घाला, नंतर गार पाण्यानं साबण लावून हात धुवा. घरात लहान मूल असेल तर ही खबरदारी बाकी सगळ्याच्या आधी. धुतल्यावर तळाच्या भोकात कणीसाचा भुसा किंवा स्टीलच्या पिना अडकल्या नाहीत ना, तेही बघा.

बुडाच्या जरा वर एका बाजूला पोट सुटलेली पुंगळी फोर्टीमध्ये हमखास भेटते. ज्या पिस्तुलांच्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) फीड रॅम्पपाशी, म्हणजे काडतूस आत चढतं त्या उतारापाशी, पुंगळीला पुरता आधार मिळत नाही, तिथे ती अशी फुगते. आरपार जाणाऱ्या डायमधून ढकलून ती सरळ करता येते आणि पुष्कळ जण करतात. मी करत नाही. आकार परत येतो, पण ताणलेलं पितळ पहिल्यासारखं होत नाही. फुगवट्यावर हसऱ्या ओठांसारखी वाकडी रेघ उमटली असेल तर ती कुणीच वापरू नये.

इतकं झाल्यावर डाय. इथून पुढे डोळ्यांपेक्षा हाताचं ऐका. साइझिंगला, म्हणजे पुंगळी दाबून मापात आणताना, हँडल नेहमीपेक्षा हलकं गेलं तर पुंगळी चिरलेली, पातळ किंवा भलत्याच मापाची असू शकते. जड गेलं तरीही थांबा आणि बाहेर काढून बघा. प्रायमर बसताना बोटांना ठराविक विरोध जाणवला पाहिजे. अलगद आत घरंगळला तर खड्डा सैल झालाय, पुंगळीचं आयुष्य संपलं. बसलेल्या प्रायमरवरून बोट फिरवा: तो बुडाच्या पातळीत किंवा किंचित खाली हवा, वर अजिबात नको.

बुलेट बसवल्यावर प्रत्येक नव्या ढिगातल्या काही काडतुसांची एक चाचणी घ्या. व्हर्नियरनं पूर्ण लांबी मोजा, बुलेटचं टोक बाकाच्या लाकडावर टेकवून अंगठ्यानं नेटानं दाबा, परत मोजा. लांबी कमी झाली तर पुंगळीची पकड ढिली आहे. मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाताना अशी बुलेट आत सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब एकदम चढतो. नाइन एमएममध्ये हे जास्त धोक्याचं, कारण तिची कमाल दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आणि पोट लहान. फोर्टी-फाइव्हची मर्यादा २१,०००. यावर उपाय म्हणून क्रिम्प, म्हणजे बुलेटभोवती पुंगळीचं तोंड, आवळत बसू नका. जास्त आवळल्यानं पकड उलट आणखी ढिली पडते. तो पुंगळ्यांचा गट वेगळा काढा आणि साइझिंग डाय तपासा.

शेवटी पिस्तुलाची नळी काढून तिच्यात काडतूस सोडा. ते टपकन आत पडलं, बोटानं गोल फिरलं आणि नळी उलटी केल्यावर आपसूक बाहेर आलं, तरच डब्यात ठेवा.

बाद पुंगळ्या कचऱ्यात तशाच टाकू नका. पकडीनं तोंड चपटं करून टाका, म्हणजे त्या फिरून कुणाच्या बादलीत जाणार नाहीत, आणि डबा भरला की पितळेच्या भंगारात द्या. त्यात न उडालेला प्रायमर असलेली एकही जाऊ देऊ नका.