ओलांडची शासनव्यवस्था कशी अभ्यासावी

पुण्यातल्या अभ्यासिकांत तुलनात्मक राज्यशास्त्राची तयारी करणारे विद्यार्थी बहुधा ‘सरकारचा प्रमुख कोण’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. फिनलंडच्या ओलांड या स्वायत्त द्वीपप्रांताच्या बाबतीत मात्र आधी अधिकारांची वाटणी पाहावी, कारण स्वायत्ततेचा खरा जीव तिथेच आहे.

कोऱ्या कागदावर दोन रकाने आखावेत. शिक्षण, आरोग्य, स्थानिक पोलीस, टपाल आणि पर्यावरण हे विषय ओलांडच्या रकान्यात मांडावेत, तर परराष्ट्र धोरण, न्यायालये, सीमाशुल्क आणि बहुतांश करआकारणी हे विषय फिनलंडच्या रकान्यात मांडावेत. ही वाटणी ज्या स्वायत्तता कायद्यात आहे, तो फिनलंडची संसद एकतर्फी बदलू शकत नाही. ओलांडच्या विधिमंडळाचीही दोन तृतीयांश बहुमताने संमती लागते.

त्यानंतर विधिमंडळाकडे, म्हणजे लागटिंगकडे वळावे. 1922 साली प्रथम भरलेल्या या सभागृहात 30 सदस्य असून निवडणूक दर चार वर्षांनी होते. मतदानासाठी वय 18 पूर्ण असणे पुरेसे नाही, तर ओलांडचा अधिवासाचा हक्कही असावा लागतो, आणि बाहेरून आलेल्याला तो मिळवायचा तर फिनलंडचे नागरिकत्व, पाच वर्षांचे वास्तव्य व स्वीडिश भाषेचे पुरेसे ज्ञान लागते.

सरकार कसे बनते हे नुसते वाचून पक्के होत नाही, म्हणून अभ्यासगटात 30 चिठ्ठ्या घेऊन त्या चार काल्पनिक पक्षांत 10, 8, 7 आणि 5 अशा वाटाव्यात. सोळाचा आकडा एकट्या कोणालाच गाठता येत नाही, हे लगेच दिसते. आता एकाने सभापती होऊन पक्षांशी बोलणी करावी, सरकारप्रमुखपदासाठी एक नाव सुचवावे आणि सभागृहाने त्यावर मतदान करावे. मंत्री त्यानंतर येतात. सभागृहाचा विश्वास गमावलेल्या सरकारला जावे लागते.

विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ राज्यपालाबाबत होतो. लागटिंगच्या सभापतीशी सहमती करून फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष त्याला नेमतात. तो केंद्राचा प्रतिनिधी असतो, परंतु प्रांताचा कारभार त्याच्या हाती नसतो. पुणे महानगरपालिकेत कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा फरक चटकन कळेल. केंद्र आणि प्रांत या दोघांचे समसमान सदस्य असलेले एक संयुक्त मंडळ कायद्यांवर मत देते, आणि त्याचे अध्यक्षपद साधारणतः याच राज्यपालाकडे असते.

लागटिंगने संमत केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष चार महिन्यांच्या आत रोखू शकतात, पण कारणे दोनच: अधिकारक्षेत्राचे उल्लंघन किंवा देशाच्या सुरक्षेला बाधा. धोरण पटले नाही म्हणून कायदा अडवता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम 200 मध्ये राज्यपालांच्या संमतीसाठी दिवसांची अशी ठरावीक मर्यादा लिहिलेली नाही, ही तुलना उत्तरात आवर्जून मांडावी.