टर्मिनलवरून छापलेलं मराठी विचित्र दिसतंय? माझा अनुभव

सांगलीत काकांच्या हळदीच्या अडतीवरची यादी उबुंटू लिनक्समधून छापायची होती. एन्स्क्रिप्ट या टर्मिनलवरून मजकूर छापणाऱ्या प्रोग्रामने कागदावर नुसती टोपीवाली लॅटिन अक्षरं उमटली. फॉन्ट बदलून फरक शून्य; एन्स्क्रिप्टला यूटीएफ-८ (संगणकात मराठी अक्षरं साठवायची पद्धत) कळतच नाही. माझ्या तीन संध्याकाळी आणि बराच कागद वाया.

शेवटी जमलं ते असं: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पॅप्स’ (पॅप्स म्हणजे यूटीएफ-८ मजकूर छापण्याजोगा करणारा प्रोग्राम), सोबत लोहित देवनागरी फॉन्ट. मग फॉन्टची यादी देणाऱ्या ‘एफसी-लिस्ट’ कमांडमध्ये दिसलेलं फॉन्टचं नाव जसंच्या तसं पॅप्सच्या ‘फॉन्ट’ पर्यायात, अवतरणचिन्हांत, नावापुढे आकार १२. ‘पेपर’ला ए४. आउटपुट पीएस (पोस्टस्क्रिप्ट, छपाईसाठीची) फाइलमध्ये वळवायचं, उघडून बघायचं, मगच ‘एलपीआर’ने प्रिंटरला पाठवायचं.

ओळी आधी ‘फोल्ड’ कमांडने मोडू नका. माझ्याकडचं फोल्ड बाइट मोजतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं; ते मधेच तुटतं. पॅप्स ओळी स्वतःच मोडतं.