एक तारा मिळाला, आता?

तुमच्या पुस्तकाला एकच तारा देणारा वाचकाचा खरमरीत अभिप्राय आला की त्याच दिवशी उत्तर देऊ नका, संहितेलाही हात लावू नका. वहीत तीन रकाने आखा: चूक, अडखळ, आवडनिवड.

ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेलं पान, मध्येच बदललेलं पात्राचं नाव ही चूक; एकाच वाचकाने दाखवली तरी पुरे. किंडलवर दुरुस्त फाइल पुन्हा चढवता येते, छापून ठेवलेल्या प्रतींत शुद्धिपत्र घाला.

'मधला भाग रेंगाळतो' ही अडखळ. तीन अनोळखी वाचक त्याच प्रकरणावर थांबले, तरच ते उघडा. दोष बहुधा आधीच्या पानांत निघतो, म्हणून तिथूनच वाचत या.

'बोलीभाषा नको होती' ही आवडनिवड, सोडून द्या. नातेवाइकांचं कौतुक (गोड असलं तरी) कुठल्याच रकान्यात भरू नका.