उद्याची वीज आणि पुढच्या महिन्याचे डिझेल: मागणीचा अंदाज कसा बांधावा

देशाच्या उद्याच्या वीजमागणीचा अंदाज बांधायला बसताना पहिला प्रश्न सूत्राचा नसून, उद्यासारखा मागचा दिवस कोणता, हा असतो. विजेची मागणी आणि पुरवठा यांचा क्षणोक्षणी मेळ घालणारी भार प्रेषण केंद्रे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात. सोमवारच्या अंदाजासाठी त्या प्रत्येक भागाची मागच्या काही सोमवारांची मागणी घ्यावी आणि सणासुदीचे, संपाचे, वादळाचे दिवस त्यातून वगळावेत. आकडा भागवलेल्या मागणीचा असेल, तर भारनियमनात तोडलेली वीज त्यात मिळवावी, अन्यथा टंचाईलाच आपण मागणी समजून बसतो.

त्यानंतर हवामान. केवळ दुपारचे कमाल तापमान पुरत नाही. रात्रही तापलेली राहिली की पंखे आणि वातानुकूलन यंत्रे पहाटेपर्यंत चालतात. पावसाने ओढ दिली की कृषिपंपांचा भारही चढतो. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्या आर्थिक वर्षाची सुमारे २४३ गिगावॉटची कमाल मागणी मे महिन्यात नव्हे, तर सप्टेंबरात नोंदली गेली. छतावरील सौर पॅनेलमुळे दुपारची मागणी वीजवहनाच्या जाळ्यावर कमी दिसते, म्हणून दुपार आणि संध्याकाळ यांचे अंदाज वेगळे बांधणे मला अधिक सुरक्षित वाटते.

तेलाच्या बाबतीत एकक महिना असते आणि फसगतही निराळी असते. केंद्र सरकारच्या पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाचे मासिक आकडे मुख्यतः विक्रीचे असतात, प्रत्यक्ष जळालेल्या इंधनाचे नव्हेत. दरवाढीच्या चाहुलीने पंपचालकांनी टाक्या भरून घेतल्या, तर पुढच्या महिन्यात विक्री घटलेली दिसते. पावसाळ्यात सिंचन, बांधकाम आणि खाणकाम मंदावल्याने डिझेलची विक्री उतरते, हा उतार मंदीचा समजू नये. दिवाळी २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला, तर २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला आली. अशा वर्षांची तुलना करताना दोन्ही महिने एकत्र धरावेत. फेब्रुवारी २०२४ ला २९ दिवस होते, तेव्हा तुलना दैनिक सरासरीचीच करावी.

ज्याला पूर्वीचा दाखलाच नाही, तिथे एका आकड्याऐवजी किमान ते कमाल असा पल्ला द्यावा. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ मिनिटे दिवे मालवण्याच्या आवाहनानंतर १२ ते १४ हजार मेगावॉट घट अपेक्षित होती. प्रत्यक्षात ती ३१ हजारांवर गेली आणि जलविद्युत केंद्रांनी तोल सांभाळला.

शेवटी आपल्या पद्धतीची चूक रोज नोंदवून, ‘मागच्या आठवड्यात याच वारी जेवढी, तेवढीच’ या साध्या अंदाजाच्या चुकीशेजारी मांडावी. महिनाभर ताडून पाहिल्यावरही साधा अंदाजच सरस ठरत असेल, तर आपली पद्धत बाजूला ठेवून तोच वापरावा.