रेडिओ-नियंत्रित बोटीचे इलेक्ट्रॉनिक्स: या चुका टाळा

रेडिओवर चालणाऱ्या बोटीत बिघाड झाला की दोष बहुधा ईएससीला, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला दिला जातो. ते जळालेले असते हे खरे. पण ते का जळाले याचे उत्तर बहुतेक वेळा बोटीच्या मागच्या टोकाला, पाण्यात बुडालेल्या पंख्यापाशी सापडते. एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या छात्रांपासून घरच्या बाल्कनीत टगबोट बांधणाऱ्या हौशी माणसांपर्यंत अनेकांची खरेदी मोटारीपासून सुरू होते, आणि पहिली चूक तिथेच होते.

खरेदीचा उलटा क्रम

आधी मोटार, मग तिच्या जोडीला ईएससी, उरलेल्या पैशांत बॅटरी आणि शेवटी हाती लागेल तो पंखा, असा क्रम ठेवला की सगळे गणित अंदाजावर राहते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट असते, त्यामुळे टेबलावर मोकळी फिरणारी मोटार किती करंट घेते यावरून ती पाण्यात किती घेईल हे मुळीच कळत नाही. एकाच घडणीचा पंखा त्याच फेऱ्यांनी फिरवायचा असेल, तर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. म्हणजे 35 मिलिमीटरच्या जागी 40 मिलिमीटरचा पंखा लावला की ती जवळजवळ दुप्पट होते. मोटार हा भार नाकारत नाही. ती फेऱ्या टिकवण्यासाठी अधिकाधिक करंट ओढत राहते आणि त्याची झळ ईएससीला, जोडांना आणि बॅटरीला बसते.

माझ्या 80 सेंटिमीटर लांबीच्या टगबोटीत 540 आकाराची ब्रशची (घासणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांतून प्रवाह घेणारी) मोटार आणि 7.2 व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी होती. टेबलावर मोटार 2 अँपियर घेत होती, म्हणून 10 अँपियरचा ईएससी भरपूर होईल असे मी मानले. तो तळ्यातल्या दुसऱ्याच फेरीत, पंख्याला शेवाळ गुंडाळले गेल्यावर जळाला. नंतर तीच बोट पाण्याच्या टाकीत धरून मोजली तेव्हा साधा, शेवाळाशिवायचा करंट 9 अँपियर निघाला. आता मी पाण्यात मोजलेल्या आकड्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा ईएससी घेतो, आणि मोटारीच्या माहितीपत्रकात अडकलेल्या अवस्थेतील करंट दिला असेल तर तोही पाहतो, कारण शेवाळ, दोरा किंवा प्लॅस्टिकची पिशवी पंख्यात अडकली की मोटार त्याच आकड्याकडे धावते.

ही मोजणी करतानाही चुका होतात. साध्या मल्टीमीटरची मर्यादा बहुधा 10 अँपियर असते आणि तिच्यापलीकडे गेल्यास आतला फ्यूज उडतो. स्वस्त क्लॅम्प मीटर अनेकदा फक्त एसी करंट मोजतात, तेव्हा डीसी मोजणारा मीटर आहे याची खात्री करून घ्यावी. बादलीत पाणी पंख्याबरोबर गोल फिरू लागते आणि आकडा फसवा, कमी येतो, म्हणून मोठी टाकी किंवा टब वापरावा, बोट घट्ट धरावी आणि पूर्ण वेग काही सेकंदच द्यावा. आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला तर पंखा काढून, एकदा शाफ्ट म्हणजे पंख्याचा दांडा जोडून आणि एकदा त्याला मोटारीशी जोडणारे कपलिंग सोडवून, मोटार हवेत चालवावी. दोन्ही वेळच्या करंटमध्ये मोठा फरक पडला, तर शाफ्ट आणि मोटार एका रेषेत नाहीत किंवा नळीत वंगण नाही. दोष तिथे नसेल तर पंख्याचा व्यास कमी करावा.

ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेली तीन वायरींची मोटार घेताना केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटात विनाभार मिळणाऱ्या फेऱ्या, हे ध्यानात ठेवावे: 3000 केव्हीची मोटार 11.1 व्होल्टवर मिनिटाला सुमारे 33,000 फेऱ्या घेऊ पाहते, आणि हा वेग शर्यतीच्या बोटीला शोभतो, संथ टगबोटीला नव्हे. विमानासाठी बनवलेल्या बहुतेक ईएससींना उलटी गती नसते. बोट थांबवायची असते ती मात्र पंखा उलटा फिरवूनच.

वायरिंगमधल्या चुका

वजन पुढे हवे म्हणून बॅटरी पुढच्या टोकाला ठेवली जाते आणि तिची वायर हातभर लांबवली जाते. ईएससी मोटारीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. लांब वायरीत प्रत्येक वेळी व्होल्टेजचे झटके उठतात आणि ईएससीवरचे कपॅसिटर तापून फुटतात. ब्रशलेस बोटीत लांबी वाढवायचीच असेल तर ती ईएससी आणि मोटार यांच्यामध्ये वाढवावी. मोटार उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल पुरते. बॅटरीच्या लाल-काळ्या वायरींची अदलाबदल मात्र ईएससी एका क्षणात नष्ट करते. बॅटरीच्या धन टोकाजवळ मोटारगाडीत वापरतात तसा पात्याचा फ्यूज असावा, आणि तो वायरीच्या व ईएससीच्या क्षमतेपेक्षा कमी असावा.

सुकाणू वळवताच बोट क्षणभर बेताल होते, मग पुन्हा ताब्यात येते, अशी तक्रार असेल तर रेडिओवर संशय घेण्याआधी रिसीव्हरचा, म्हणजे बोटीतल्या संकेत घेणाऱ्या भागाचा, वीजपुरवठा तपासावा. रिसीव्हरला वीज देणारे ईएससीमधील 5 व्होल्टचे सर्किट (बीईसी) जुन्या, लिनियर म्हणजे जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणाऱ्या प्रकारचे असेल, तर 11.1 व्होल्टच्या बॅटरीवर एक अँपियरला 6 वॅट उष्णता बंद डेकखाली सोडते. मोठा सर्वो (सुकाणू वळवणारी छोटी यंत्रणा) किंवा शिडाची दोरी ओढणारी विंच जोर लावते तेव्हा व्होल्टेज कोसळते आणि रिसीव्हर बंद पडून नव्याने सुरू होतो. अशा बोटीला वेगळे, कमी तापणारे स्विचिंग बीईसी द्यावे. दोन मोटारी आणि दोन ईएससी असतील तर एकाच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या तारांतली लाल तार काढून, तिच्यावर स्लीव्ह चढवून ठेवावी, म्हणजे दोन पुरवठे एकमेकांशी झगडत नाहीत. ब्रशच्या मोटारीच्या ठिणग्यांमुळे सर्वो थरथरत असेल तर 104 असे छापलेले 0.1 मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लावावेत: एक दोन टोकांच्या मध्ये, उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटारीच्या धातूच्या कवचाला. हे ब्रशलेस मोटारीला कधीही लावू नयेत.

2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते. रिसीव्हर अँटेनाच्या शेवटच्या 31 मिलिमीटर उघड्या भागालाच खरे काम असते; तो पाण्याच्या पातळीच्या वर, उभा आणि कार्बन फायबरपासून दूर ठेवावा. सिग्नल तुटल्यास मोटार थांबेल असे फेलसेफ लावावे आणि ते किनाऱ्यावर ट्रान्समीटर बंद करून प्रत्यक्ष पाहावे.

बॅटरी ठरावीक व्होल्टेजखाली उतरली की ईएससी मोटार थांबवतो, पण त्यासाठी त्याच्यात बॅटरीचा प्रकार निवडावा लागतो. लिथियम-पॉलिमर बॅटरी वापरताना निकेल बॅटरीची निवड तशीच राहून गेली, तर सेल 3.2 व्होल्टखाली गेले तरी मोटार चालत राहते, बॅटरी फुगते आणि ती पुन्हा चार्ज करणे धोक्याचे ठरते.

पाणी आत येणारच, असे धरून चालावे. मात्र व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सर्किटवर लावू नये. त्यातले ॲसिड तांब्याला खाते. रिसीव्हर फुग्यात बांधून ठेवल्यास आत जमलेली वाफ बाहेर पडत नाही, म्हणून प्रत्येक फेरीनंतर डेक उघडा ठेवून सगळे वाळू द्यावे. कोकणातल्या खाडीत बोट चालवली असेल तर बॅटरी काढून जोड गोड्या पाण्याने धुवावेत. खारे पाणी वायरीच्या इन्सुलेशनखाली चढते आणि तांबे काळे पडते. अशा वायरीवर सोल्डर धरत नाही, तेव्हा लखलखीत तांबे दिसेपर्यंत ती कापावी आणि शेवटपर्यंत काळीच निघाली तर बदलावी.